कॅनचं लांबलचक वादन: नवख्यानं सुरुवात कुठून करावी

कॅन या जर्मन बँडचं 'स्पून' हे गाणं तबकडीवर जेमतेम ३ मिनिटांचं आहे. १९७२च्या एका मैफलीच्या ध्वनिमुद्रणात तेच गाणं जवळजवळ अर्धा तास चालतं. उलट 'हालेलुवा' तबकडीवर साडेअठरा मिनिटं पसरलेलं आहे आणि त्याच वर्षीच्या मैफलीत साधारण ९ मिनिटांत आटोपतं. ही दोन्ही मैफलीतली रूपं 'टागो मागो' या अल्बमच्या ४० वर्षांनिमित्त २०११ साली निघालेल्या आवृत्तीच्या जोडतबकडीवर शेजारी शेजारी आहेत. नवा श्रोता इथेच अडखळतो. मूळ गाणं कोणतं आणि फुगवलेलं कोणतं?

माझं मत सरळ आहे: या बँडच्या बाबतीत 'मूळ' शोधायला जाऊ नये. तबकडीवर आहे ती तासन्‌तास चाललेल्या वादनातून कापून, जोडून केलेली निवड. मैफलीत आहे ते त्या संध्याकाळी झालेलं वादन. म्हणून कॅनचं कुठलंही ध्वनिमुद्रण हाती आलं की तीन गोष्टी आधी पाहायच्या: ते कुणी टिपलं, कुणी कापलं, आणि त्या वर्षी बँडमध्ये कोण होतं. एवढं कळलं की दीड तासाची निनावी टेपसुद्धा घाबरवत नाही. हा लेख त्यासाठीच आहे.

आधी माणसं ओळखून घ्या

बँड १९६८ साली कोलोनमध्ये जमला. कीबोर्डवर इर्मिन श्मिट, बासवर होल्गर चुकाय, गिटारवर मिखाएल कारोली, ड्रम्सवर याकी लीबेत्साइट. श्मिट आणि चुकाय दोघंही श्टॉकहाउझन या संगीतकाराच्या हाताखाली शिकलेले, म्हणजे पाश्चात्त्य आधुनिक संगीताच्या मुशीतले. कारोली चुकायचा विद्यार्थी, इतरांपेक्षा दहाएक वर्षांनी लहान आणि रॉक ऐकत वाढलेला. लीबेत्साइट फ्री जॅझ वाजवून कंटाळलेला. जिथे कुणी कुठलाही ठेका धरत नाही अशा संगीतातून बाहेर पडून त्यानं एकच ठेका न ढळता वाजवत राहायचं ठरवलं. कॅनची सगळी लांबी या एका निर्णयावर उभी आहे.

गायक बदलत गेले आणि ध्वनिमुद्रणाचा काळ ओळखायची ती सगळ्यात सोपी खूण. माल्कम मूनी हा अमेरिकन गायक १९६८-६९चा. त्याचा आवाज खरखरीत, एकच ओळ पुन्हा पुन्हा घोकणारा. १९७० साली म्युनिकच्या रस्त्यावर चुकाय आणि लीबेत्साइटला एक जपानी तरुण गाताना दिसला आणि त्याच रात्री त्याला त्यांनी मंचावर उभं केलं. तो दामो सुझुकी. तो १९७३पर्यंत होता. कुजबुजीतून किंचाळीत जाणारा त्याचा आवाज आणि भाषेच्या कडेनं चालणारे शब्द एकदा ऐकले की विसरत नाहीत. १९७३नंतर कायमचा गायक राहिला नाही. चौघंच वाजवत, आणि मैफलीच्या बऱ्याच टेपा पूर्ण वाद्यसंगीताच्या आहेत. १९७७मध्ये रोस्को जी बासवर आला आणि चुकायनं बास खाली ठेवून लघुलहरींचा रेडिओ हाती घेतला. तेव्हा गाण्याच्या मधूनच परक्या स्टेशनांचे आवाज येऊ लागले तर टेप १९७७ची असण्याची शक्यता दांडगी.

पहिली पायरी: 'यू डू राइट', एकटं आणि पूर्ण

सुरुवात मैफलीपासून करू नका. 'मॉन्स्टर मूव्ही' या १९६९च्या पहिल्या अल्बमची दुसरी बाजू लावा. ती पूर्ण बाजू म्हणजे एकच चीज, 'यू डू राइट', २० मिनिटांच्या थोडी वर. कोलोनजवळच्या न्योर्फेनिश गावातल्या एका जुन्या गढीत बँडला जागा मिळाली होती. तिथे हे वाजवलं गेलं. मूनीचे शब्द त्याला आलेल्या एका प्रेमपत्रातले आहेत.

फोनच्या स्पीकरवर हे ऐकूच नका. बास आणि खालचे ड्रम्स तिथे गायब होतात आणि उरतं ते फक्त कुणाचं तरी ओरडणं. साधे तारेचे हेडफोन चालतील, महाग काही लागत नाही. सलग २० मिनिटं फोन वाजणार नाही अशी वेळ काढा.

पहिल्या ऐकण्यात फक्त लीबेत्साइटचे ड्रम्स धरा. झांजा फार नाहीत, घुमणाऱ्या ड्रमवर फिरत राहणारी एक आकृती आहे. ती यंत्रासारखी वाटते, पण नीट कान दिला तर आघातांचं वजन हळूहळू बदलताना कळतं. दुसऱ्या ऐकण्यात बास धरा. चुकाय कित्येकदा दोन-तीन स्वरांच्या पलीकडे जात नाही, आणि तो कधी गप्प बसतो तेच ऐकण्यासारखं आहे. तिसऱ्या वेळी मूनी आणि गिटार. मधल्या भागात सगळं विरळ होऊन जवळजवळ ड्रम्स आणि आवाजच उरतात. तिथून पुन्हा चढत जाणारा भाग हा मला या बँडच्या अख्ख्या कारकिर्दीतला सर्वांत भक्कम वाटतो. ज्यांना तो कंटाळवाणा वाटेल त्यांनी पुढच्या पायऱ्यांचा हट्ट धरू नये, हे स्पष्ट सांगतो. या संगीतात याहून वेगळी मेजवानी पुढे वाढून ठेवलेली नाही, याच चवीचे प्रकार आहेत.

शास्त्रीय संगीत ऐकणाऱ्या मराठी कानाला इथे एक सोय आहे आणि एक अडचण. सोय अशी की तीन मिनिटांच्या जुन्या तबकडीवरचा राग आणि कुणा रसिकानं स्पूलवर टिपलेली त्याच गायकाची तासाभराची मैफल, यांतला फरक आपल्याला समजावून सांगावा लागत नाही. अडचण अशी की आपण समेची वाट बघत बसतो. इथे सम येत नाही, तिहाई येत नाही, दाद द्यायची जागा कुणी आखून देत नाही. ठेका सुरू असतो आणि त्यावरचं हवामान बदलत जातं. ती वाट बघणं सोडलं की ऐकणं सुटं होतं.

दुसरी पायरी: कात्री कुठे चालली ते ऐका

१९७४पर्यंतचं कॅनचं स्टुडिओतलं काम दोन ट्रॅकवर, म्हणजे टेपेवरच्या आवाजाच्या दोनच स्वतंत्र पट्ट्यांवर झालं. १६ ट्रॅकचं यंत्र १९७५च्या 'लँडेड'पासून आलं. ही तांत्रिक बाब नवख्याला कोरडी वाटेल, पण सगळा उलगडा यात आहे. १६ ट्रॅकवर गिटार नंतर पुन्हा वाजवता येते, आवाज वेगळा काढून दुरुस्त करता येतो. दोन ट्रॅकवर खोलीत जे वाजलं ते एकत्रच टेपवर उतरतं. नंतर करता येतं ते एवढंच: टेप कापायची, एक तुकडा दुसऱ्याला चिकटवायचा, फार तर आणखी एक थर चढवायचा. हे काम होल्गर चुकाय करायचा. म्हणजे हा माणूस वाजवतानाही होता आणि नंतर ब्लेड हातात घेऊनही होता. १९७१च्या अखेरीला बँडनं वायलर्सविस्ट गावातल्या बंद पडलेल्या सिनेमागृहात स्टुडिओ थाटला आणि भिंतींना लष्कराच्या जुन्या गाद्या लावल्या. ध्वनिमुद्रणासाठी काचेआडची वेगळी खोली तिथे नव्हती. यंत्रं आणि वादक एकाच दालनात.

आता 'हालेलुवा' लावा. १९७१च्या 'टागो मागो' या दुहेरी अल्बमची दुसरी बाजू. ठेका इतका घट्ट आहे की शरीर आपोआप डोलू लागतं. पण मध्येच तो नाहीसा होतो, भलतंच काही वाजतं, आणि मग काही झालंच नाही अशा थाटात ठेका परततो. असे सांधे शोधायचे. एकदा ते ऐकू येऊ लागले की हे संगीत 'कुणीतरी नशेत तासभर वाजवत बसलंय' या गैरसमजातून कायमचं बाहेर येतं. निवड फार काटेकोर आहे.

याच अल्बममधलं 'औम्गन' हे १७ मिनिटांचं प्रकरण सुरुवातीला टाळलं तरी चालेल. त्यात बराच वेळ ठेकाच नाही. अवकाशात तरंगल्याचा अनुभव म्हणतात तो इथे आहे, पण तो बऱ्यापैकी भयाण आहे.

तिसरी पायरी: 'स्पून' आधी छोटं, मग मोठं

'स्पून' हे 'दास मेसर' या जर्मन दूरचित्रवाणीवरच्या रहस्यमालिकेचं शीर्षकगीत होतं. ते जर्मनीच्या विक्री यादीत सहाव्या क्रमांकापर्यंत पोचलं. या बँडला हे यश अनपेक्षितच होतं. त्या जोरावर ३ फेब्रुवारी १९७२ रोजी कोलोनच्या श्पोर्टहालेमध्ये त्यांनी फुकट मैफल दिली. पेटर प्शिगोडा यांनी तिचं चित्रीकरण केलं. ते पाहायला मिळालं तर जरूर पाहा. लीबेत्साइट किती कमी हालचालीत किती वाजवतो हे डोळ्यांनी बघण्यासारखं आहे.

तबकडीवरचं 'स्पून' तीन-चार वेळा ऐका. खाली ताल देणारं साधं यंत्र आहे, त्यावर खरे ड्रम्स. सुझुकीची धून छोटी, डोक्यात बसणारी. ती तोंडपाठ होऊ द्या. मग २०११च्या आवृत्तीतलं अर्ध्या तासाचं 'स्पून' लावा आणि त्या धुनेचा माग काढत जा. ती येते, विस्कटते, नाहीशी होते. गाणं संपलं असं वाटतं तिथे खरं वादन सुरू होतं. असा टिपेला जाऊन कोसळणारा गोंगाट बँडची माणसं आपापसात 'गॉडझिला' म्हणत. हे नाव पुढे 'द लॉस्ट टेप्स' या संग्रहातल्या एका तुकड्यालाही मिळालंय.

या पायरीवर घाई नको. एकच चीज दोन रूपांत ओळखीची झाली की पुढच्या सगळ्या निनावी टेपा ऐकायची किल्ली हाती येते.

चौथी पायरी: मैफलींची अधिकृत मालिका

बँड १९७९पर्यंत टिकला, पण तोवर त्यांचा एकही पूर्ण मैफलीचा अल्बम निघाला नव्हता. १९९९ साली 'कॅन बॉक्स' या संचात १९७१ ते १९७७मधल्या मैफलींतले निवडक भाग आले. त्यातलं 'कोल्चेस्टर फिनाले' हे सदतीस मिनिटांच्या आसपासचं वादन, पोटात 'हालेलुवा' घेऊन. एसेक्स विद्यापीठातली १९७२ची रात्र. आवाज गढूळ आहे, तरी सुझुकीचा काळ समजून घ्यायला ते चुकवू नये.

खरा खजिना २०२१पासून उघडला. श्मिट आणि ध्वनिमुद्रक रेने टिनर यांच्या देखरेखीखाली जुन्या खासगी टेपा साफ करून एकेक मैफल बाहेर आली: स्टुटगार्ट १९७५, ब्रायटन १९७५, कुक्सहाफन १९७६, पॅरिस १९७३, अ‍ॅस्टन १९७७ आणि कील १९७७. हे कील इंग्लंडमधलं, विद्यापीठाचं गाव. जर्मनीतल्या बंदराशी गल्लत करू नका. यातल्या काही टेपा सैल विजारीत यंत्र लपवून सभागृहात शिरणाऱ्या एका इंग्लिश चाहत्याच्या कृपेनं उरल्या. त्या काळी याला चोरी म्हणत. आज त्याच्याशिवाय मालिका अर्धीसुद्धा झाली नसती.

कोणत्या क्रमानं ऐकायच्या? प्रकाशनाच्या क्रमानं जाण्याची गरज नाही.

स्टुटगार्टपासून सुरू करा. ३१ ऑक्टोबर १९७५ची रात्र, चौघंच, गायन नाही, दीड तास. कारोलीची गिटार इथे पुढे आहे आणि ध्वनीही या मालिकेतल्या चांगल्यांपैकी. दीड तास एका बैठकीत झेपत नसेल तर एका दिवशी एक भाग ऐका, पण भागाच्या मध्ये थांबू नका.

मग पॅरिस. १२ मे १९७३, ऑलिंपिया सभागृह, आणि या मालिकेत सुझुकी मिळतो तो इथेच. पहिलाच भाग अर्ध्या तासाहून मोठा आहे. पुढे 'वन मोअर नाइट', 'स्पून' आणि 'व्हिटॅमिन सी' ओळखू येतात, तेही कधी चेहरा बदलून. हा अल्बम फेब्रुवारी २०२४मध्ये निघाला आणि सुझुकी त्याच महिन्याच्या ९ तारखेला वारला. मला या सगळ्या मालिकेतलं हेच सर्वांत प्रिय आहे. गायक वादकांवर स्वार होत नाही आणि वादक त्याला साथही करत नाहीत. पाच जण एकाच पातळीवर असतात.

ब्रायटन हे स्टुटगार्टचं भावंड, त्यामुळे लगोलग ऐकलं तर एकसारखं वाटेल. मध्ये काही दिवस जाऊ द्या. १९७७ची दोन्ही ध्वनिमुद्रणं रोस्को जीच्या बासमुळे जास्त लवचीक, नाचरी आहेत. ज्यांना आधीचं वादन फार खडबडीत वाटतं त्यांना हीच आवडण्याची शक्यता जास्त. कुक्सहाफन सर्वांत छोटं, अर्ध्या तासाचं. त्याच्यासाठी वेगळे पैसे मी मोजले नसते.

शोधताना एक अडचण येते. या अल्बमांतल्या भागांना गाण्यांची नावं नाहीत. गावाचं नाव, साल आणि जर्मन आकडे: आइन्स, त्स्वाय, ड्राय, फिअर, फ्युन्फ, म्हणजे एक, दोन, तीन, चार, पाच, असे पुढे. नावानं शोधून हवं ते गाणं सापडत नाही. ऐकता ऐकता ओळखीची धून आली की मिनिट टिपून ठेवायचं, हा माझा रिवाज. महिन्याभरात तुमचा स्वतःचा नकाशा तयार होतो आणि दुसऱ्या कुणाच्या यादीवर विसंबावं लागत नाही.

ऐकण्याच्या अ‍ॅपमधली दोन बटणं

शफल बंद. हे कुणीही सांगेल. दुसरं बटण लोक विसरतात: क्रॉसफेड. एक गाणं विरत असताना पुढचं वर आणणारी ही सोय पार्टीत बरी, इथे घातक. मैफलीचे भाग एकमेकांना चिकटलेले असतात आणि ही सोय जोडावरचे काही सेकंद एकमेकांवर चढवते. ती बंद करून, दोन भागांत खंड न पाडणारी 'गॅपलेस' सोय असेल तर ती सुरू ठेवा. आवाजाची पातळी आपोआप सारखी करणारी सोयही मी बंद ठेवतो. कॅनच्या मैफलीत कुजबुज आणि गॉडझिला यांतलं अंतर हाच तर ऐवज आहे.

खासगी टेपेवर खरखर, खोकला, टाळ्या, शेजाऱ्यांच्या गप्पा असणारच. पहिली पाच मिनिटं कान कुरकुरतो, मग सवय होते. ट्रेबल, म्हणजे उंच स्वरांची पातळी, खाली ओढून खरखर घालवायचा मोह होईल, पण तिच्यासोबत झांज आणि गिटारची धारही जाते. आवाज थोडा वाढवणं हा बरा उपाय.

पाचवी पायरी: कपाटातल्या टेपा

वायलर्सविस्टचा स्टुडिओ ग्रोनाऊ इथल्या रॉक-पॉप संग्रहालयात हलवला गेला तेव्हा टेपांचा साठा बाहेर आला. ३० तासांहून जास्त भरणाऱ्या त्या ऐवजातून श्मिट, जोनो पॉडमोर आणि डॅनिएल मिलर यांनी तीन सीडींचा 'द लॉस्ट टेप्स' हा संच २०१२ साली काढला. जर्मनीत राहणाऱ्या मराठी मंडळींना ग्रोनाऊ नेदरलँड्सच्या सीमेला लागून सापडेल. निघण्याआधी स्टुडिओ पाहायला खुला आहे का, ते विचारून घ्या.

या संचात सगळं सलग ऐकू नका, निवडून ऐका. 'ग्राउब्लाउ' हे पंधरा मिनिटांहून मोठं वादन एका चित्रपटाच्या निमित्तानं १९६९-७०च्या सुमाराला झालं. लीबेत्साइट इथे धावतोय आणि बाकीचे त्याच्यामागे. मग 'डेड पिजन सूट'. सॅम्युएल फुलर या अमेरिकन दिग्दर्शकाच्या एका जर्मन गुन्हेपटासाठी केलेल्या कामातलं हे. मध्येच 'व्हिटॅमिन सी'चा ठेका वर येतो आणि तबकडीवरचं साडेतीन मिनिटांचं गाणं केवढ्या मोठ्या प्रवाहातून उचललं होतं ते कळतं. इथे 'स्पून'चं आणखी एक मैफलीतलं रूप आहे, सोळाएक मिनिटांचं. तिसऱ्या पायरीवरच्या अर्ध्या तासाशी ते ताडून बघायचं आणि सुझुकी धुनेकडे परत केव्हा येतो याकडे लक्ष द्यायचं.

त्याआधीचे संग्रहही आहेत. 'डिले १९६८' म्हणजे मूनीच्या काळातलं, १९८१ साली प्रकाशित झालेलं काम. १९७६चं 'अनलिमिटेड एडिशन' हा तुकड्यांचा डबा. त्यात जगभरच्या लोकसंगीताच्या खोट्या नकला क्रमांक देऊन ठेवल्यात, काही गमतीदार, काही नुसत्याच विचित्र. आणि बीबीसीवरच्या जॉन पीलच्या कार्यक्रमासाठी केलेलं वादन 'द पील सेशन्स' या नावानं १९९५ साली निघालं. रेडिओच्या स्टुडिओत, थोड्या वेळात, ताजं वाजवलेलं. मैफलीच्या गढूळ आवाजाला जे कंटाळले असतील त्यांच्यासाठी हीच मधली वाट.

अनधिकृत टेपांच्या वाटेला जायचं असेल तर

इंटरनेटवर कॅनच्या मैफली नाना नावांनी फिरतात. एकच टेप दोन वेगळ्या गावांच्या नावानं, एकाच गावाच्या नावानं दोन मैफलींचे तुकडे, असं सर्रास. आधी गायक कोण ते ऐका आणि लिहिलेलं साल जुळतंय का बघा. १९७५च्या नावावर सुझुकीचं गायन असेल तर लेबल चुकलंय. मग वेग तपासा: जुनी कॅसेट थोडी जलद किंवा संथ चालली असली की स्वर वर किंवा खाली सरकतो. टेपेत तबकडीवरची एखादी धून असेल तर दोन्ही एकामागून एक लावून बघा. फरक अर्ध्या स्वराच्या आसपास आणि शेवटपर्यंत तेवढाच असेल तर बहुधा टेपेचा दोष. कॉम्प्युटरवरच्या कुठल्याही ध्वनिसंपादन प्रोग्राममध्ये वेग सुधारता येतो. मूळ फाइल मात्र तशीच ठेवा आणि सुधारलेल्या प्रतीच्या नावात तसं लिहा, नाहीतर तीच प्रत पुढे 'नवी मैफल' म्हणून फिरू लागते.

कॅननंतर याच वाटेवर पुढे जायचं तर अ‍ॅश रा टेम्पेल या बर्लिनच्या त्रिकुटाचा १९७१चा पहिला अल्बम घ्या. एका बाजूला एक अशा दोनच चिजा आहेत. 'आम्बोस' आधी, 'ट्राउममाशीने' नंतर.